नंबर जुना, नळ्या नव्या

चासीवरची, गाडीचा ओळख-नंबर कोरलेली पाटी म्हणजे तळहातात मावेल एवढा ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन किंवा चार रिव्हेटांवर बसवलेला. रिव्हेटांची डोकी ड्रिलने उडवली की पाच मिनिटांत पाटी हातात येते आणि पुढच्या पाच मिनिटांत दुसऱ्या गाडीवर चढते. ऐतिहासिक मोटार शर्यतींच्या जगात लाखो पौंडांचे व्यवहार ज्या वादावर अडतात, त्याचे मूळ बहुतेक वेळा या दोन-चार रिव्हेटांपाशी असते.

हा वाद सहसा 'अस्सल विरुद्ध नक्कल' असा रंगवतात. अस्सल गाड्यांनी ट्रॅकवर यावे, नकलांनी घरी बसावे, असा त्याचा सूर असतो. ही मांडणी मुळातच गंडलेली आहे, कारण तिच्यात दोन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरले आहेत. गाडी कोणती आहे हा एक, आणि गाडी कशी बांधलेली आहे हा दुसरा. पहिला ओळखीचा, दुसरा घडणीचा. शर्यतीला घडणीशी घेणेदेणे असते, बाजाराला ओळखीशी. माझे म्हणणे असे की काटेकोर बांधलेल्या प्रतिकृतीला शर्यतीत पूर्ण हक्क द्यावा, हातचे न राखता. पण तिने दुसऱ्या गाडीचा नंबर लावला तर मात्र दयामाया दाखवू नये.

नियम या विचारापासून फार लांब नाहीत. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या ऐतिहासिक शर्यतींच्या नियमावलीला 'अपेंडिक्स के' म्हणतात. तिच्याखाली गाडीला हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट मिळतो, बोलण्यात एचटीपी. इंजिनाची क्षमता, कार्ब्युरेटर, गिअरबॉक्स, ब्रेक, चाकांची रुंदी, चासीची रचना हे सारे त्या त्या कालखंडाबरहुकूम आहे, एवढेच हा कागद सांगतो. त्या काळी आंतरराष्ट्रीय शर्यतींत धावलेल्या मॉडेलच्या तंतोतंत घडणीची गाडी आज बांधली तरी ती पात्र ठरते. गाडीच्या पूर्वेतिहासाचा हा पुरावा नव्हे, हे एफआयए स्वतःच बजावते. तरीही विक्रीच्या जाहिरातीत 'एचटीपीसह' हे शब्द जन्मदाखला जोडल्याच्या थाटात छापले जातात, आणि घेणाराही ते तसेच वाचतो. एचटीपी हे फिटनेस सर्टिफिकेट आहे. त्यात वंशावळ शोधू नये.

ओळखीच्या प्रश्नावर सर्वांत स्पष्ट उत्तर एका न्यायाधीशाने दिले आहे. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटले स्पीड सिक्स 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. तिच्या विक्रीचा एक कोटी पौंडांचा करार झाला आणि मग ही ती गाडीच नव्हे म्हणून घेणारा मागे हटला. 1990 साली इंग्लंडच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर गाडीचा एकेक भाग मोजला गेला. 1929 च्या विजेत्या गाडीतले, खात्रीने ओळखता येईल असे जवळपास काहीच उरले नव्हते. 1930 च्या गाडीतले म्हणून सांगता आले ते पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंग कॉलम. चासीची फ्रेम, पुढचा ॲक्सल, 8 लिटरचे इंजिन हे 1932 च्या अवतारातले. कारखान्यातून निघाली त्या अर्थाने गाडी 'मूळ' नाही, हे कोर्टाने मान्य केले. पण ती कधी मोडीत निघाली नाही, तिची जागा दुसऱ्या गाडीने घेतली नाही, एका अवतारातून दुसऱ्यात जाताना धागा तुटला नाही, म्हणून ती 'अस्सल' ओल्ड नंबर वन आहे, असा निकाल लागला.

मराठीत आपण मूळ, अस्सल आणि खरी हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि बाजारात तर तिन्हींसाठी 'ओरिजिनल' हा एकच शब्द चालतो. या क्षेत्रात ते वेगळे ठेवावे लागतात. मूळ म्हणजे धातू तोच. अस्सल म्हणजे इतिहासाचा धागा अखंड. खरी म्हणजे जे सांगितले तेच आहे. पेडलच्या शाफ्टपलीकडे फारसे काही न उरलेली गाडी अस्सल असू शकते. मागच्या वर्षी बांधलेली, स्वतःचा नवा नंबर मिरवणारी प्रतिकृती पूर्णपणे खरी असू शकते. आणि निम्म्याहून अधिक जुना धातू असलेली गाडी साफ खोटी असू शकते. हा तिसरा प्रकारच सर्वांत घातक.

तो कसा जन्मतो? समजा, साठच्या दशकात एक गाडी बॅरिअरवर आदळली, फ्रेम वाकली. संघाने नवी फ्रेम घेतली, जुन्याचे इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन तिच्यावर चढवले, पाटीही हलवली आणि गाडी पुढच्या शर्यतीला हजर केली. वाकडी फ्रेम शेडच्या मागे गंजत पडली. वीस-तीस वर्षांनी गाड्यांचे भाव चढले तशी कोणीतरी ती उचलली, सरळ केली, तिच्याभोवती नवी गाडी उभी केली आणि तोच नंबर ठोकला. आता एका नंबरच्या दोन गाड्या झाल्या. एकीकडे धागा आहे, दुसरीकडे पहिला धातू. ऑटन यांच्या कसोटीवर पहिली जिंकते आणि मलाही तेच पटते. दुसरीच्या मालकाने 'अमुक गाडीच्या टाकून दिलेल्या फ्रेमवर, अमुक साली बांधलेली' असे लिहिले तर तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ते वाक्य लिहिताच किंमत कोसळते, म्हणून लिहिले जात नाही.

बरे, त्या काळची कागदपत्रे तरी सरळ असावीत, तर तेही नाही. युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात शर्यतीला जाताना सीमेवर कार्ने नावाचा जकातीचा कागद दाखवावा लागे आणि त्यावर चासी व इंजिनाचे नंबर असत. कागद एका गाडीचा आणि ट्रकमध्ये गाडी दुसरी, असे झाले की संघाचा मेकॅनिक सरळ पाटी बदलून मोकळा होई. नवा कार्ने काढण्यापेक्षा दोन रिव्हेट मारणे सोपे. म्हणजे 'अमुक नंबरची गाडी अमुक शर्यतीत धावली' ही नोंद प्रामाणिक असूनही चुकीची असू शकते. ज्यांच्यासाठी गाडी हे फक्त कामाचे हत्यार होते, त्यांनी पुढच्या पिढीच्या संग्राहकांची काळजी का वाहावी?

म्हणून पाटीपेक्षा धातूला विचारावे. चार गोष्टी तरी हाताने तपासता येतात.

नळ्यांच्या चौकटीची ब्रिटिश गाडी असेल तर आधी नळीची जाडी. त्या काळी तिथे नळ्या इंचात आणि एसडब्ल्यूजी गेजमध्ये, म्हणजे जाडीच्या ब्रिटिश मापात, मिळत. 16 गेज म्हणजे 1.63 मिलिमीटर, 18 गेज म्हणजे 1.22. आज दुकानात सहज मिळणारी मेट्रिक नळी दीड किंवा 1.2 मिलिमीटरची असते आणि बाहेरचा व्यास 25.4 ऐवजी सरळ 25. नखाएवढ्या जागेवरचा रंग काढून, जेल लावून, अल्ट्रासॉनिक गेजचा बारीक प्रोब टेकवला की जाडी कळते. प्रोब रंगावरच टेकवला तर रंगाची जाडीही आकड्यात येते आणि सगळा अंदाज बिघडतो. तीच नळी तीन-चार जागी मोजावी, कारण आतून गंजलेली जुनी नळी जागोजागी वेगळी भरते. सगळीकडे एकसारखा आकडा येणे हीच शंकेची जागा. इथे तर्क जपून चालवायला हवा. इंची नळी आजही विकत मिळते, त्यामुळे ती सापडली तर काहीच सिद्ध होत नाही. 'सगळी फ्रेम मूळची' या दाव्याखाली 25 मिलिमीटरची नळी निघाली, तर मात्र दावा तिथेच संपला.

नंतर जोड. हलक्या ब्रिटिश चौकटी बऱ्याचदा ब्राँझ ब्रेझिंगने, म्हणजे नळी न वितळवता सांध्यावर ब्राँझ वितळवून, जोडलेल्या असत. जॅग्वार ई-टाइपची इंजिन धरणारी पुढची चौकट रेनॉल्ड्स 531 या मिश्र पोलादाच्या नळ्यांची, तीही ब्रेझिंगची. या पोलादाला वितळवून केलेले वेल्डिंग मानवत नाही, जोडाशेजारचा पट्टा ठिसूळ होतो. घाईत मिग या झटपट विजेच्या वेल्डिंगने केलेली दुरुस्ती दिसायला गुळगुळीत असते आणि काही शर्यतींनंतर वेल्डच्या कडेने केसासारखी चीर धरते. जुन्या जोडावर पिवळसर ब्राँझचा ओघळ दिसावा. तिथे टिग या दुसऱ्या विजेच्या वेल्डिंगची, नाण्यांच्या चळतीसारखी खवलेदार रेघ दिसली तर विचारावे, केव्हाची?

मग स्क्रूची आटी. जुन्या ब्रिटिश गाडीत बीएसएफ, नंतरच्या काळात यूएनएफ, दोन्ही इंची मापाच्या आटी. मेट्रिक बोल्ट निघाला तर तो भाग नंतरचा. एखादा बोल्ट कोणीही बदलतो, त्यावर निकाल देऊ नये. भोकाला कापलेली आटी बघावी, ती सहसा बदलत नाही.

शेवटी ठोकलेला नंबर. पंच मारला की अक्षराच्या तळाखालचा धातूही दाबला जातो. वरून ग्राइंडरने घासून नवा नंबर ठोकला तरी तो दबलेला थर खाली राहतो, आणि पोलाद चकचकीत करून फ्राय रिएजंटसारखे ॲसिडमिश्रण लावले की जुना आकडा सावलीसारखा वर येतो. घासणी खोल झाली असेल तर येत नाही, पण मग तिथे बोटाला जाणवेल असा खोलगट भाग राहतो. पाटी असेल तर ती काढून मागे बघावे. रिव्हेटांची दुसरी जोडी बसेल अशी बुजवलेली भोके किंवा पाटीखालचा रंग आजूबाजूच्या रंगाहून नवा, यातले काहीही निघाले तर विकणाऱ्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकावी.

आता समजा, सगळ्या कसोट्यांवर उतरलेली, मूळ आणि अस्सल अशी गाडी हाती आहे. ती शर्यतीत पळवायची, तर मूळ राहत नाही. हा या छंदाचा सर्वांत अडचणीचा भाग आणि यावर उघड बोलणे लोक टाळतात.

मॅग्नेशियमचे भाग घ्या. साठच्या दशकातल्या रेसिंग गाड्यांत चाके, चाके धरणारे अपराइट, गिअरबॉक्सची कवचे या धातूची असत. हलका धातू, पण ओलाव्यात गंजून खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यातूनच चीर सुरू होते. हा धातू चुंबकाला दाद देत नाही, म्हणून पोलादासाठीची मॅग्नेटिक चाचणी इथे निरुपयोगी, डाय पेनेट्रंटच वापरावे लागते. रंग रसायनाने काढायचा. सँडब्लास्टिंग केले तर चिरेचे तोंड मिटते आणि तडकलेला भाग पास होतो. मग लाल द्रव लावून दहा ते तीस मिनिटे मुरू द्यायचा. पुसताना सॉल्व्हंट थेट भागावर ओतायचे नाही, फडक्यावर घेऊन पुसायचे, नाहीतर चिरेतला द्रवही धुऊन जातो. पांढरा डेव्हलपर मारला की चीर असल्यास लाल रेघ उमटते. एवढे करून पास झालेला साठ वर्षांचा अपराइटही दर हंगामात पुन्हा तपासावा लागतो, आणि आतली पोकळी डाय दाखवतच नाही, त्याला एक्स-रे लागतो. शहाणा माणूस काय करतो? जुना अपराइट काढून फळीवर ठेवतो आणि नवे कास्टिंग बसवतो. ते बरोबरच आहे. वळणावर चाक निखळले तर इतिहास जपल्याचे समाधान कोणाला?

पण मग पुढे बघा. मूळ इंजिन ब्लॉक फुटला तर मिळणार नाही, म्हणून तोही खोक्यात आणि गाडीत नवा ब्लॉक. रिव्हेटांनी जोडलेल्या मोनोकॉकचा, म्हणजे नळ्यांऐवजी पत्र्याच्याच चासीचा, पत्रा थकला, म्हणून नवे कातडे. इंधनाच्या टाकीत एफआयएच्या एफटी3 या सुरक्षा दर्जाची रबरी पिशवी, जिची मुदत पाच वर्षांची. नवे शाफ्ट, नवे हब, नवे स्टिअरिंग आर्म. हंगामाच्या पहिल्या शर्यतीला ही गाडी उभी राहते तेव्हा तिच्यात आणि शेजारच्या 'प्रतिकृती'त लोखंडाच्या हिशेबाने फरक किती उरतो? एकीचा जुना धातू गॅरेजमधल्या खोक्यात आहे, दुसरीचा नव्हताच. ट्रॅकवर दोन्ही नव्याच. तरी एकीच्या मालकाने दुसरीकडे नाक मुरडायचे, हे मला हास्यास्पद वाटते.

आणि प्रेक्षक नेमके काय बघायला येतात? इंग्लंडमधले गुडवुड सर्किट 1948 ते 1966 शर्यतींसाठी चालू होते आणि 1998 पासून तिथे रिव्हायव्हल ही जुन्या गाड्यांची शर्यत भरते. कठड्यापाशी उभ्या माणसाला हवी असते ती चारही चाकांवर तिरकी घसरत वळण घेणारी गाडी. ते घसरणे अरुंद क्रॉस-प्लाय टायरांमुळे येते. या टायरची पकड हळूहळू सुटते, गाडीला आधी बराच कोन घेऊ देते, चालकाला स्टिअरिंग आणि थ्रॉटलने ती सावरायला वेळ मिळतो. वजन, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, स्प्रिंगचा कडकपणा आणि टायर बरोबर असतील तर प्रतिकृती अगदी तशीच घसरते. कठड्यावरून पाहताना नळी कोणत्या सालातली हे दिसत नाही, आणि दिसायची गरजही नाही.

प्रतिकृतींविरुद्ध एक मुद्दा मात्र मी मान्य करतो, आणि तो भावनेचा नाही. त्या वेग वाढवतात. नवा ब्लॉक जाड भिंतींचा, क्रँक चांगल्या फोर्जिंगचा, कनेक्टिंग रॉड आजच्या पोलादाचे, म्हणून जुन्या इंजिनाला जिथे धडकी भरायची तिथून पुढे हजारभर आरपीएम सहज मिळतात. नवी चौकट पिळवटत नाही, त्यामुळे सस्पेन्शनची मापे वळणात टिकतात. चालकाला माहीत असते की गाडी ठोकली तर नवी बांधता येईल, म्हणून तो ब्रेक उशिरा दाबतो. मूळ क्रँक घेऊन आलेला माणूस मागे पडतो. एक-दोन हंगाम सोसतो आणि मग एकतर तोही नवे इंजिन बांधतो किंवा येणेच बंद करतो. अशी शर्यत हळूहळू आतून आधुनिक होत जाते आणि बाहेरून जुनी दिसते. यावर उपाय प्रतिकृतींना बंदी हा नव्हे. नव्या इंजिनाची मूळ गाडीही तेच करते. उपाय आहे शर्यतीनंतर मोजण्याचा. पहिल्या तीन गाड्या कुलूपबंद जागेत घ्याव्यात. प्लगच्या भोकातून स्ट्रोक मोजावा, व्हॉल्व्हची उचल डायल गेजने बघावी, व्हॉल्व्हचा व्यास आणि कार्ब्युरेटरचा घसा मोजावा, गाडी काट्यावर घालावी. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडावे, कारण इलेक्ट्रॉनिक इग्निशन लपवायची ती आवडती जागा आहे. आयोजकांना हे नकोसे वाटते, कारण संध्याकाळच्या मेजवानीला उशीर होतो आणि पाहुणे नाराज होतात. होऊ द्यावेत.

कारखान्यांनी स्वतःच काढलेल्या 'कंटिन्युएशन' गाड्यांचे काय? जॅग्वारने 1963 मध्ये हलक्या, ॲल्युमिनियमच्या ई-टाइप 18 ठरवल्या, बांधल्या 12. उरलेले सहा नंबर 2014 मध्ये उघडून सहा गाड्या बांधल्या. 1957 च्या फेब्रुवारीत ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागून जॅग्वारच्याच नऊ एक्सकेएसएस गाड्या गेल्या. त्यांच्या जागी 2016 च्या सुमारास नऊ नव्या जाहीर झाल्या. बेंटलेने आपल्या जुन्या, सुपरचार्जरच्या 'ब्लोअर' गाडीचे भाग न भाग लेझरने मोजून 12 गाड्यांची मालिका काढली. कारागिरीबद्दल शंका नाही आणि बांधणीची तारीखही कोणी लपवलेली नाही. पण 'राहिलेले नंबर पूर्ण केले' ही भाषा मला खटकते. 1963 च्या वहीतली रिकामी ओळ म्हणजे झोपलेली गाडी नव्हे. गाडीचे वय तिचा पत्रा कापला त्या दिवसापासून. बोधचिन्ह लावायचा हक्क कारखान्याला आहे, साल मागे नेण्याचा नाही. त्या सहा ई-टाइप उत्तम प्रतिकृती आहेत आणि योगायोगाने मूळ कारखान्यानेच बांधल्या आहेत, यापेक्षा अधिक काही म्हणू नये.

याच्या उलट उदाहरण मासेराती 250एफचे. 1954 ते 1960 ग्रां प्रीत धावलेल्या या गाडीचे सुटे भाग जमवून कॅमेरॉन मिलर यांनी इंग्लंडमध्ये काही गाड्या उभ्या केल्या. त्यांनी कोणाचा मेलेला नंबर उसना घेतला नाही, 'सीएम' या आद्याक्षरांची स्वतःची मालिका दिली. नंबर वाचला की गाडी काय आहे ते कळते आणि पुढच्या मालकाला खोटे बोलण्याची सोयच राहत नाही. असल्या गाडीशेजारी आपली 250एफ उभी करताना कोणाचा अपमान होत नाही.

तेव्हा आयोजकांनी आणि क्लबांनी करायचे ते मोजकेच आहे. प्रवेशपत्रावर चासीची फ्रेम, इंजिन ब्लॉक, गिअरबॉक्सचे कवच आणि बॉडी या चारांपुढे बांधणीचे साल लिहायला लावावे, आणि ते कार्यक्रमपत्रिकेत चालकाच्या नावाखाली छापावे. 'फ्रेम 1962, ब्लॉक 2015, बॉडी 1998' एवढी एक ओळ पुरे. नव्या भागावर न दिसणाऱ्या पण सापडेल अशा जागी साल पंच करावे. 1964 च्या व्हेनिस सनदेत जुन्या वास्तूंबद्दल हेच सांगितले आहे: भर घातलेला भाग एकूण रूपात मिसळावा, तरी मूळापासून ओळखता यावा. फीव्हा या जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने ऐतिहासिक वाहनांसाठी केलेली ट्युरिन सनद याच परंपरेतली. काढलेला मूळ भाग चिठ्ठी बांधून गाडीबरोबरच विकावा. त्यावरच्या हातोडीच्या खुणा, त्या काळची दुरुस्ती, घाईत मारलेला ब्राँझचा थर हे सगळे पुरावे आहेत आणि शर्यतीत पळवण्यापेक्षा ते फळीवर जास्त टिकतात. प्रतिकृतीने रोजचे ठोके खावेत, मूळ धातूने विसावा घ्यावा, यात माझ्या मते दोघींचेही भले आहे.

आणि एका नंबरच्या दोन गाड्या प्रवेशासाठी आल्या तर? आयोजक आज डोळेझाक करतात, किंवा एकीला या वर्षी आणि दुसरीला पुढच्या वर्षी बोलावतात, म्हणजे दोघींची गाठ पडत नाही. मी दोघींना एकाच शर्यतीत, शेजारीशेजारी उभे करीन, दोघींच्याही पाट्या झाकून. कार्यक्रमपत्रिकेत नंबराच्या जागी 'वादग्रस्त' असे छापीन, आणि मालकांनी कागद दाखवून किंवा कोर्टात जाऊन निकाल आणेपर्यंत पाट्यांवरची पट्टी निघू देणार नाही.